रिकाम्या कॅनचा वास

डेअरीच्या ओट्यावर तिला सगळे नाकवाली म्हणत. तोंडावर 'बाई', पाठीमागे 'नाकवाली', आणि ज्याचं दूध परत गेलं तो त्या दिवसापुरतं जे जिभेवर येईल ते. तिला तिन्ही चालत. सकाळी साडेपाचला गाड्या लागत, चाळीस चाळीस लिटरचे कॅन ओट्यावर चढत आणि तिचं काम सुरू होई. लाकडी हातोडीनं झाकणाला एक टोला, झाकण वर, आणि आत कोंडलेली पहिली हवा उडून जायच्या आत नाक खाली. एक श्वास. मग 'पास' किंवा 'परत'. तिसऱ्या शब्दाचा आपल्याला पगार मिळत नाही, असं ती म्हणे.

आत प्रयोगशाळा होती, काचेच्या नळ्या होत्या, पांढऱ्या कोटातले केमिस्ट होते. पण त्यांचा निकाल यायला तास लागे, आणि तेवढ्यात एक आंबलेला कॅन टाकीत गेला तर सगळ्या टाकीची वाट. म्हणून ओट्यावर नाक लागतंच. ते राखायला ती केसांना तेल लावत नसे, तोंडाला पावडर लावत नसे, शिफ्ट संपेपर्यंत चहासुद्धा घेत नसे. नवरा म्हणे, 'माझ्या बायकोला कसलाच वास नाही आणि तिला मात्र साऱ्या जगाचा.' विनोद बरा होता, पण तो दहा वर्षं तोच करत होता.

एक रीत तिची स्वतःची होती. शंका आली की कॅन ओतून झाल्यावर ती रिकामा कॅन पुन्हा हुंगे. भरल्या कॅनमध्ये ताज्या दुधाचा वास सगळ्यावर पांघरूण घालतो. दूध गेलं की तळाच्या खाचेत चिकटून राहिलेलं जुनं काय असेल ते वर येतं. तोवर दूध वजनाच्या हौदात थांबलेलं असे, आणि हौदाची तोटी तिच्या शब्दाशिवाय उघडत नसे. गवळी हसत. 'बाई, दूध गेलं, आता काय भांड्याचा मुका घेताय?' ती हसत नसे. चारशे घरांचं दूध तिच्या एका श्वासावर पुढे जाई किंवा मागे फिरे, आणि तिच्या शब्दावर अपील नव्हतं.

ही झाली ओट्यावरची गोष्ट. घरी ओटा नव्हता.

दोन्ही मुलांच्या वेळी दिवस गेल्याचं तिला नाकानंच सांगितलं होतं. मुलीच्या वेळी कपडे धुण्याच्या पावडरचा वास अचानक डोक्यात चढला होता, मुलाच्या वेळी शेजारच्या घरातल्या ओल्या भिंतीचा. दोन्ही वेळा मूल झाल्यावर ती परत कामावर आली तेव्हा तिला ओटा मिळाला नाही. कॅन धुण्याच्या खोलीत, वाफेत आणि सोड्याच्या पाण्यात उभं राहून पहिल्यापासून सुरुवात. पहिल्या वेळी वर यायला दोन वर्षं लागली, दुसऱ्या वेळी तीन. त्यामुळे या वेळी जेव्हा झाकण उघडायच्या आधीच, पाच पावलांवरून, तिला एका कॅनमधला रॉकेलचा वास आला, तेव्हा सुपरवायझर खूश झाला आणि ती मात्र हातोडी खाली ठेवून क्षणभर उभी राहिली.

"बाई, हे नाक जपून ठेवा," सुपरवायझर म्हणाला. "असं नाक मी जन्मात पाहिलं नाही."

तिसरं मूल तिला नको होतं. त्याची कारणं तिनं नवऱ्याला सांगितली, आणि सांगताना तिच्या लक्षात आलं की कारणं नसती तरी ते नकोच होतं. नवरा पंप दुरुस्त करायचा. शांत माणूस होता. म्हणजे कटकट नको असलेला माणूस होता. तो म्हणाला, तुझं तू ठरव. दहा वर्षांच्या संसारात तिला कळून चुकलं होतं की याचा अर्थ 'मला विचारू नकोस' असा असतो.

मग तिनं नणंदेला विचारलं. नणंद नवऱ्याहून मोठी, औषधाच्या दुकानात काउंटरवर बसायची. पंधरा वर्षं बसून बसून तिला अर्धं डॉक्टर झाल्यासारखं वाटे आणि अर्धं गावही तिला तसंच वागवे. ताई कडक होत्या, पण वेळेला धावणाऱ्या. मुलाला न्यूमोनिया झाला तेव्हा त्याच आठ रात्री उशाशी बसल्या होत्या. ते ती कधी विसरली नव्हती, आणि तेच नडलं.

दवाखान्यात कशाला जातेस, ताई म्हणाल्या. दहा प्रश्न विचारतील, चार ठिकाणी बोंब होईल. पाळी चुकून चार आठवडे झाले ना, म्हणजे चार आठवड्यांचंच आहे, अजून काही धरलेलंसुद्धा नाही. संध्याकाळी त्या पाच गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून घेऊन आल्या. पेटी आणि आतली घडीची चिठ्ठी दुकानातच राहिली. खरं तर एक आधी घ्यायची आणि चार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पण तुला दोन दोन दिवस सुट्टी कोण देणार, असं म्हणून त्यांनी पाचही एकदम पाण्याबरोबर घ्यायला सांगितल्या. शनिवारी दुपारी घे, सोमवारी ओट्यावर उभी राहशील. घरचं माणूस म्हणून त्यांनी तिची सोय पाहिली होती. तिनं पाचही गिळल्या.

शनिवारी संध्याकाळी पोटात कळा आल्या, रक्त गेलं. फार नाही. पाळीच्या तिसऱ्या दिवशी जातं तेवढं, दोन दिवस. ताईंनी फोनवर विचारलं, "गेलं ना अंगावरून? मग झालं. सुटलीस."

सोमवारी ती ओट्यावर होती. पहिला कॅन अजून गाडीत होता आणि तिला कळलं होतं की त्यातलं दूध देणाऱ्या म्हशीनं काल सडका पाला खाल्लाय.

आठवडा गेला. सकाळची मळमळ गेली नाही. छाती दुखायची, ब्लाऊजचा काठसुद्धा सहन होत नसे. आणि नाक तर असं झालं होतं की घरात शिरताना तिला शेजारच्या तीन घरांत काय शिजतंय, कुणाच्या बादलीत कालचं पाणी आहे, सगळं कळे. तिनं ताईंना सांगितलं. ताई म्हणाल्या, अंगातलं उतरायला वेळ लागतो, भिजलेली भिंत एका उन्हात वाळते का? दहाव्या दिवशी तिनं दुसऱ्याच दुकानातून तपासणीची पट्टी आणली. दोन रेघा उमटल्या. ती पट्टी रुमालात गुंडाळून ताईंकडे गेली.

"पट्टी तीन-चार आठवडे दोन रेघा दाखवतेच," ताई म्हणाल्या. "सगळं नीट पडून गेलं तरी दाखवते. मी काय आज बसलेय का काउंटरवर?"

आणि हे खरं होतं. तिला पुढे डॉक्टरबाईंनीही तेच सांगितलं. त्या सगळ्या महिन्यात ताईंच्या तोंडून निघालेली ही एकच गोष्ट धड खरी होती, आणि त्याच गोष्टीनं सगळ्यात जास्त नुकसान केलं. पट्टीवर विसंबता येत नाही, हे कळल्यावर दुसरं काहीतरी बघायला हवं, एवढं पुढचं वाक्य ताईंनी म्हटलं नाही आणि तिला सुचलं नाही. ती पट्टी कचऱ्यात टाकून घरी आली.

नवऱ्याला तिनं दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तो म्हणाला, ताईला विचार. दुसऱ्यांदा तो मोटारीचं वाइंडिंग उलगडत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "तुला सगळ्यातच वास येतो."

तिकडे ओट्यावर तिचा भाव वधारत होता. वरच्या ऑफिसातला साहेब एकदा मुद्दाम तिचं काम बघायला आला. सुपरवायझरनं चार कॅन ओळीनं लावले, एकात मुद्दाम कपभर शिळं दूध मिसळलं होतं, आणि तिनं झाकण अर्धं उचलताच तो कॅन बाजूला काढला. साहेब म्हणाला, हे यंत्र कुठून आणलं? सगळे हसले. तीही हसली. हसताना तिला साहेबाच्या खिशातल्या बडीशेपेचा वास येत होता आणि पोटातून ढवळत होतं. चारशे घरं जिच्या नाकावर विश्वास ठेवतात, ती स्वतः त्या नाकाचं ऐकत नव्हती. ऐकणं म्हणजे ताईंना खोटं पाडणं. पाडायची तिची हिंमत नव्हती, असं नाही. तिला खोटं पडायला हवं होतं ते तिचं नाकच. महिनाभर ती रोज सकाळी उठून पहिला श्वास घाबरत घेई, की आज तरी काही येऊ नये.

गोळ्यांना चार आठवडे झाले त्या सकाळी एक म्हातारा गवळी आला. त्याचं दूध वीस वर्षांत कधी परत गेलं नव्हतं. झाकण उघडलं, वास गोड, ताजा. तिनं 'पास' म्हटलं, कॅन हौदावर पालथा झाला. पण झाकण ठेवताना हाताला काहीतरी खटकलं, म्हणून तिनं रिकामा कॅन ओढून घेतला आणि त्यात तोंड घातलं. तळाशी आंबूस, जुना, हिरवट वास होता. सुनेनं घाईत कॅन नुसता विसळला असणार.

"तोटी बंद ठेव रे," ती हौदावरच्या माणसाला म्हणाली. "परत."

म्हातारा गोंधळला. रागावला नाही, तेच वाईट होतं. "अहो बाई, आत्ता पास म्हणालात. दूध तर गेलं. रिकाम्यात काय बघता?"

"दूध गेलं म्हणूनच बघायचं, बाबा," ती म्हणाली. "गेलं असं वाटतं, तेव्हाच बघायचं असतं."

बोलून झालं आणि तिचा हात कॅनच्या काठावर तसाच राहिला. म्हातारा अजून काही बोलत होता. तिला ऐकू येत नव्हतं. एवढं साधं होतं. रोज सकाळी दहा-वीस कॅनांच्या बाबतीत जे ती डोळे झाकून करत होती, ते स्वतःच्या बाबतीत चार आठवडे कुणी करू दिलं नव्हतं, आणि तिनंही केलं नव्हतं. एका उगाच गेलेल्या रक्तावर तिनं 'पास' म्हणून टाकलं होतं.

ती हातोडी ठेवून सुपरवायझरकडे गेली आणि आत्ताच्या आत्ता सुट्टी पाहिजे म्हणाली. तो म्हणाला, आज? आज मी नाक कुठून आणू? ती म्हणाली, आज नाकालाच घेऊन जायचंय. त्याला काही कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून त्यानं वाट सोडली.

जाता जाता तिनं नवऱ्याला फोन केला, आणि ती सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत ताई स्कूटरवरून तिथे हजर होत्या. नवऱ्यानं स्वतः येण्याऐवजी बहिणीला कळवलं होतं. ताईंच्या कपाळावर घाम होता. तिनं त्यांना इतकं घाबरलेलं मुलाच्या न्यूमोनियातही पाहिलं नव्हतं.

"आत जाऊ नकोस," ताई म्हणाल्या. "मी अजून एक पाकीट देते. या वेळी नीट घे. आत गेलीस की पहिलं विचारतील, गोळ्या कुठून आणल्यास."

"विचारू देत."

"माझी नोकरी जाईल, कळतंय का? पंधरा वर्षांची नोकरी."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. ताईंच्या अंगाला औषधाच्या दुकानाचा वास होता, स्पिरिटचा आणि पुठ्ठ्याचा, आणि त्याखाली भीतीचा. लहानपणापासून तिला भीतीचा वास ओळखता येई. तो थोडासा ओल्या नाण्यासारखा असतो. महिनाभरात ताईंना पहिल्यांदा भीती वाटली होती, ती या फाटकाशी, आणि तीही काउंटरची.

"ताई, तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली आणि आत गेली.

डॉक्टरबाई तिच्याहून लहान होत्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली होती, हे त्यांनी आधी विचारलं. कधी चुकली ते नाही. दिवस तिथून मोजतात, त्या म्हणाल्या. गोळ्या घेतल्या त्या दिवशी तुमचे चार नाही, आठ आठवडे उलटून गेले होते. मग किती गोळ्या, कशा, किती अंतरानं. तिनं सगळं सांगितलं. पाचही एकदम गिळल्या म्हटल्यावर डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. बाकीच्या चार गोळ्या एक-दोन दिवसांनी, तोंडात गालाशी धरून विरघळू द्यायच्या असतात, त्या म्हणाल्या. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

"घरच्या माणसानं," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी दाराकडे बघितलं. दाराच्या जाळीतून ताईंची साडी दिसत होती. त्यांनी नाव विचारलं नाही.

सोनोग्राफीच्या खोलीत पोटावर गार जेल पडलं. पडदा तिच्याकडे वळवू का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. ती म्हणाली, नको, तुम्हीच सांगा. बारा आठवडे आणि दोन दिवस. ठोके चालू आहेत.

तिला धक्का बसला नाही. आपला निकाल प्रयोगशाळेतून तासाभरानं बरोबर ठरून आला की ओट्यावर तिला जसं वाटे, तसं थोडंसं वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला लगेच शिसारी आली.

डॉक्टरबाईंनी समोर बसवून समजावलं. गोळ्यांनी कधी कधी काम होत नाही, अगदी नीट घेऊनही शंभरात एखाद-दोघींचं होत नाही. चुकीच्या घेतल्या तर जास्त जणींचं. रक्त गेलं म्हणजे गर्भ गेला असं नसतं. मळमळ, छाती दुखणं हे आठवड्याभरात उतरायला हवं, नाही उतरलं तर यायचं. रक्त अगदीच थोडं गेलं तर यायचं. आणि सगळं ठीक वाटलं तरी दोन आठवड्यांच्या आत एकदा दाखवायचंच. आता पुढे दोन वाटा आहेत. ठेवायचं असेल तर ठेवता येईल, पण या गोळ्यांमुळे बाळाच्या हातापायांत, चेहऱ्यात दोष राहण्याची शक्यता असते. राहीलच असं नाही, पण तपासण्या कराव्या लागतील. नको असेल तर अजून वेळ आहे, उद्या सकाळी नळीनं काढून टाकता येईल. दोन-तीन आठवडे आणखी थांबला असतात तर गोष्ट अवघड झाली असती.

"नको आहे," ती म्हणाली. "तेव्हाही नको होतं."

नर्सनं फॉर्म पुढे केला. तिनं सवयीनं विचारलं, नवऱ्याला बोलवू का सहीला? नर्स म्हणाली, "सही तुमचीच लागते, बाई." महिनाभरात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या एकटीच्या शब्दावर काम चालवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झालं. वेळ फार लागला नाही. दुखलं, पण मोजता येईल एवढं. निघालेलं सगळं पूर्ण आहे हे डॉक्टरबाईंनी तिथेच तपासून बघितलं, आणि ते तिला सांगितलं, हे तिला बरं वाटलं. ताप आला, रक्त फार जायला लागलं तर लगेच या, म्हणाल्या. दुपारी नवरा न्यायला आला. ती मोटारसायकलवर सावकाश बसली. थोडं पुढे गेल्यावर, वाऱ्यात, मान न वळवता तो म्हणाला,

"एवढं कळत होतं तर आधी का नाही आलीस?"

त्याच्या शर्टाला ग्रीसचा वास येत होता. तो तिला घरापर्यंत पुरला.

पाचव्या दिवशी सकाळी ती उठली, चूल पेटवली, कांदा चिरला, आणि कांदा नुसता कांदा होता. शेजारच्या तीन घरांतून काहीच आलं नाही. ती सुरी हातात घेऊन उभी राहिली आणि तिला रडू आलं, तेही कांद्याच्या नावावर खपून गेलं. तरी दोन आठवड्यांनी ती दवाखान्यात दाखवून आली. सगळे म्हणत होते, आता कशाला? म्हणूनच गेली.

ओट्यावर आता तिला पहिल्यासारखं झाकणाशी वाकावं लागे. वरच्या साहेबानं पुन्हा एकदा चार कॅन लावले तेव्हा तिला दोनदा हुंगावं लागलं. साहेबानं सुपरवायझरकडे पाहिलं, सुपरवायझरनं तिच्याकडे. "नाक बसलं की काय बाई?" तो म्हणाला. कुणाला काय सांगणार? तिनं तिसऱ्यांदा हुंगून कॅन बाजूला काढला. तो बरोबर होता. पण 'यंत्र' म्हणणं त्या दिवसापासून बंद झालं.

ताईंचं नाव दवाखान्यात कुठेही लिहिलं गेलं नव्हतं. नोकरी शाबूत राहिली. नात्यागोत्यात मात्र त्या सांगत राहिल्या, की बाईनं गोळ्या नीट घेतल्या नाहीत, नाहीतर आमच्याकडच्या गोळ्यांनी कुणाचं राहिलंय?

चार महिन्यांनी ती मुलाच्या खोकल्याचं औषध घ्यायला त्याच दुकानात गेली. काउंटरशी एक तरुण बाई उभी होती, बँकेतलं ओळखपत्र गळ्यात तसंच राहिलेलं, नजर जमिनीवर. ताई कागदाची पुडी बांधत होत्या. पुडीचा आकार ओळखायला नाक लागत नव्हतं.

"पेटी मागून घे," ती त्या बाईला म्हणाली, जवळजवळ कुजबुजत. "आत चिठ्ठी असते. आणि त्याआधी दवाखान्यात जा. माझं राहिलं होतं."

त्या बाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ताईंकडे, आणि पुडी काउंटरवरच ठेवून निघून गेली. दवाखान्याकडे गेली की दुसऱ्या दुकानाकडे, ते दिसलं नाही.

ताईंनी मागे वळून खोकल्याचं औषध काढलं. एरवी घरचं म्हणून बाटली नुसती पिशवीत टाकत. त्या दिवशी बाटली पेटीत घातली, पेटीत घडीची चिठ्ठी कोंबली, वर बिल टाचलं आणि काउंटरवर आपटलं.

"वाचता येतं ना?" त्या म्हणाल्या.

घरी येऊन तिनं मुलाला औषध पाजलं. मग चिठ्ठी उलगडून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. बारीक अक्षर होतं, खिडकीशी जावं लागलं. मुलाच्या उशाशी आठ रात्री बसलेली बाई आता या घरात येणार नाही, हे तिला तिथेच कळलं. नवरा आला, त्यानं पेटी बघितली, बिल बघितलं. ताईचं काय झालं, हे त्यानं विचारलं नाही. आत जाऊन हात धुतले.